वैद्यकीय प्रवेशाची तयारी केव्हा सुरू करावी?

(कर्वेनगर येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





आपल्या वस्तीतील पालक नेहमी एक प्रश्न विचारतात. "मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, तयारी केव्हापासून करायची?" काही जण पाचवी-सहावीपासूनच महागड्या क्लासची चौकशी करतात. काही जण म्हणतात, "बारावी तर होऊ द्या, मग बघू." माझ्या मते ही दोन्ही टोके चुकीची आहेत.

"बारावीनंतर बघू" हा समज कोठून आला? आपल्यापैकी अनेकांच्या तरुणपणी महाराष्ट्रात बारावीच्या गुणांवरच वैद्यकीय प्रवेश मिळत असे. पुढे राज्याची सीईटी आली. २०१३ साली देशपातळीवरील 'नीट' परीक्षा प्रथम झाली, त्याच वर्षी ती न्यायालयात रद्द ठरली आणि २०१६ मध्ये पुन्हा आली. आज एम.बी.बी.एस.च नव्हे, तर दंतवैद्यक, आयुर्वेद व होमिओपॅथीचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात. बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्रात खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतात, पण ती केवळ पात्रता झाली. क्रमांक नीट ठरवते.

या परीक्षेचे स्वरूप समजले की सुरुवात केव्हा करायची याचे उत्तर आपोआप मिळते. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण असे तिचे स्वरूप आहे. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ व रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी या दोन्ही वर्षांचा. म्हणजे ज्याने अकरावी 'विश्रांतीचे वर्ष' म्हणून घालवली, त्याने सुमारे अर्धा अभ्यासक्रम मागे टाकला. ते ओझे बारावीच्या वर्षात भरून काढणे फार जड जाते.

म्हणून माझे उत्तर असे : दहावीचा शेवटचा पेपर झाला की आठ-दहा दिवस मनसोक्त विश्रांती घ्यावी आणि निकालाची वाट न पाहता सुरुवात करावी. पुण्यात अकरावीचे ऑनलाइन प्रवेश अनेकदा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतात. मार्चअखेरपासूनचे हे चार-पाच महिने आपल्या मुलांचे फुकट जातात, आणि ज्यांच्या घरी सांगणारे कोणी आहे ती मुले तेवढेच पुढे निघून जातात.

या महिन्यांत काय करावे? पहिले, इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला विषय समजतो, पण पारिभाषिक शब्द अडवतात. रोज वीस शब्द वहीत उतरवून त्यांचा अर्थ पाठ करावा. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, परंतु अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तके आणि तास बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात. तेव्हा हा निर्णय आधीच करावा. दुसरे, गणित. डॉक्टरला गणित कशाला, असे म्हणून ते सोडणाऱ्यांची गाडी भौतिकशास्त्रात अडते. तिसरे, एन.सी.ई.आर.टी.ची अकरावीची पुस्तके. ती महाग नाहीत आणि जीवशास्त्रासाठी त्यांच्याइतके उपयुक्त दुसरे काही नाही.

मग आठवी ते दहावीत काहीच करू नये का? करावे, पण ते शाळेचेच. विज्ञान आणि बीजगणित पक्के करावे, वाचनाची सवय लावावी. अकरा वर्षांच्या मुलाला नीटच्या घाण्याला जुंपू नये. सोण नावाच्या भिक्खूने पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना केली, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. फार ताणलेली तार वाजत नाही आणि सैल तारही वाजत नाही. पालकांनी हा मध्यम मार्ग ध्यानी ठेवावा. मुलाला खरोखर डॉक्टर व्हायचे आहे की ती आपली इच्छा आहे, हेही त्याला शांतपणे विचारावे.

महागडा क्लास नाही म्हणून कोणी खचू नये. लातूरचे उदाहरण घ्या. तेथील राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात जो 'लातूर पॅटर्न' उभा राहिला, त्याचे सूत्र होते नियमित तास, वारंवार चाचण्या आणि चुकांची दुरुस्ती. दर रविवारी विहारात पाच मुलांनी घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवली आणि प्रत्येक चूक वहीत लिहिली, तर हे सूत्र कर्वेनगरातही राबवता येईल. हे आपले कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे. १९०० साली महर्षी कर्व्यांनी येथे झोपडीतच आपले कार्य सुरू केले होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी नीटच्या प्रशिक्षणाची योजना 'बार्टी'नेही राबवली आहे. दहावीचा निकाल लागताच क्वीन्स गार्डनमधील कार्यालयात त्या वर्षीची चौकशी करावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. अभ्यासाबरोबर कागदपत्रांची तयारीही त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे. अनुसूचित जातीच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आपली बरीच कुटुंबे मराठवाडा, सोलापूर, नगर भागांतून कामासाठी पुण्यात आली. त्यामुळे दाखल्यासाठी मूळ जिल्ह्यात जावे लागते. शिवाय १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' अशी नोंद आहे. तेव्हा मूळ जात दाखवणारी आजोबा-पणजोबांची नोंद शोधावी लागते. आजोबा शाळेत गेले नसतील, तर तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजे कोतवालबुकातील जन्म-मृत्यूची नोंद पाहावी. वडील, काका, आत्या यांपैकी कोणाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत जोडावी. अकरावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. देशपातळीवरील १५ टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातील वेगळा दाखला लागतो. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही तेथे अनुसूचित जातीचा हक्क मिळाला आहे. गुण असूनही केवळ कागदाअभावी जागा हातची जाणे, यापरते दुःख नाही.

शुल्काविषयी एक इशारा. शासनाची शिष्यवृत्ती वा शुल्कसवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला मिळते, व्यवस्थापन कोट्याला नाही. कोणी दलाल "जागा मिळवून देतो" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. दागिने गहाण ठेवू नयेत.

आणि पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर? नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची कमाल मर्यादाही २०२२ पासून उठली आहे. आणखी एक वर्ष देण्यात कमीपणा नाही. मात्र ते वर्ष नेमके कशासाठी द्यायचे, कोणता विषय मागे पडला, हे चुकांच्या वहीवरून ठरवावे. त्या वर्षानंतरही जमले नाही, तर औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, प्रयोगशाळा-तंत्रज्ञान ही क्षेत्रे आहेतच. रुग्णाची सेवा तेथेही घडते.

आपल्या संस्थेला माझी एक विनंती आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये दहावीच्या मुलांची यादी करावी, एका सभासदाने त्यांच्या कागदपत्रांची जबाबदारी घ्यावी आणि विहाराची खोली रोज संध्याकाळी अभ्यासिका म्हणून खुली ठेवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, माणसे लागतात. ती या सभागृहात बसलेली आहेत.