रुग्णपत्रिकेवरील दोन शब्द



रात्रीच्या वेळी पाय मोडलेला एक मनुष्य इस्पितळात आणला जातो. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत असतो. कामावरचा तरुण डॉक्टर घाईघाईने केसपेपरवर ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ असे दोन शब्द लिहितो आणि मोडलेल्या हाडाकडे वळतो. असे प्रसंग कोणत्याही इस्पितळाला नवे नाहीत. ह्या दोन शब्दांचे पुढे काय होते, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रुग्ण घरी गेला की त्याचे कागद अभिलेख विभागात जातात. तेथील कर्मचारी प्रत्येक निदानाला आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील संकेतांक देतो. ह्या वर्गीकरणाचा उगम झाक बर्तियाँ ह्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. १९४८ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूंबरोबर आजारांचीही गणना त्यात होऊ लागली. १९९० साली संमत झालेली त्याची दहावी आवृत्ती अद्याप अनेक देशांत वापरात आहे. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी देशोदेशींचे स्थित्यंतर सावकाश चालले आहे.

दहाव्या आवृत्तीत मद्यामुळे उद्भवणाऱ्या मानसिक व वर्तनविषयक विकारांसाठी ‘एफ १०’ हा गट आहे. त्यापुढील अंक महत्त्वाचा. शून्य म्हणजे तात्कालिक नशा. एक म्हणजे अपायकारक सेवन. दोन म्हणजे मद्यावलंबन. तीन म्हणजे मद्य थांबल्यावर होणारा त्रास. आणि चार म्हणजे त्या त्रासातच भ्रम होणे. अपायकारक सेवन म्हणण्यासाठी शरीराला वा मनाला प्रत्यक्ष इजा झालेली असावी लागते; नुसती नशा हा त्याचा पुरावा नव्हे. मद्यावलंबनासाठी सहा लक्षणे सांगितली आहेत : पिण्याची अनिवार ओढ, पिण्यावर ताबा न राहणे, थांबताच त्रास होणे, तेवढ्याच परिणामासाठी अधिकाधिक मात्रा लागणे, अन्य गोष्टींतील रस ओसरणे आणि अपाय दिसत असूनही पीत राहणे. गेल्या वर्षभरात ह्यांपैकी किमान तीन एकत्र आढळली पाहिजेत.

आता त्या दोन शब्दांकडे वळू. ‘जुनाट मद्यासक्ती’ ही संज्ञा वर्गीकरणात मद्यावलंबनाखाली घातलेली आहे. म्हणजे एका वासावरून लिहिलेल्या शब्दांनी त्या मनुष्यावर पूर्ण मद्यावलंबनाचा शिक्का बसतो. तो कदाचित मित्राच्या लग्नात वर्षाकाठी एकदाच प्यालेला असेल. सहा लक्षणांपैकी एकाचीही विचारपूस कोणी केलेली नसते. पण पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच शिक्का खरा धरून चालतो.

ह्याच्या उलट चूक अधिक घातक ठरते. समजा, तो मनुष्य खरोखरच रोज पिणारा आहे आणि नातेवाइकांच्या संकोचामुळे कागदावर काहीच आले नाही. शस्त्रक्रिया यशस्वी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र त्याचे हात कापू लागतात, घाम सुटतो, नसलेली माणसे दिसू लागतात. मद्य अकस्मात थांबल्याने होणारा हा भ्रम वेळीच न ओळखल्यास प्राणावर बेतू शकतो. शेवटचे मद्य केव्हा घेतले, ही एक ओळ पहिल्या रात्री लिहिली असती, तर परिचारिकेने त्या लक्षणांची वाट पाहिली असती आणि औषध हाताशी ठेवले असते.

संकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्याला ह्यात दुरुस्ती करता येत नाही. जे डॉक्टरने लिहिले तेच त्याने वाचावयाचे. तर्क करावयाचा नाही. यकृत कठीण झाल्याची नोंद आहे आणि अन्यत्र मद्यपानाचाही उल्लेख आहे, पण ‘मद्यामुळे’ हा शब्द नाही, अशा वेळी दोहोंचा संबंध त्याने स्वतः जोडणे उचित नव्हे. मद्यजन्य यकृतविकार ‘के ७०’ मध्ये मोडतो. कारण न सांगितलेला ‘के ७४’ मध्ये जातो. शंका आली तर त्याने डॉक्टरला विचारावे, हाच मार्ग.

शब्दही देशागणिक बदलतात. ‘एफ १०.१’ ह्याच स्थानी जागतिक आवृत्तीत ‘अपायकारक सेवन’ आहे, तर अमेरिकेच्या आवृत्तीत ‘अब्यूज’, अर्थात गैरवापर. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये गैरवापर आणि अवलंबन हा भेदच मोडला आणि सौम्य, मध्यम, तीव्र अशा श्रेणींचा एकच विकार मानला; संकेतांकांच्या पुस्तकात मात्र जुनी नावे राहिली. तेव्हा केवळ नाव लिहून भागत नाही. त्यामागील निरीक्षण लिहावे लागते.

नोंद टाळण्यामागे कित्येकदा दयाबुद्धीच असते. आरोग्यविम्याच्या अनेक पॉलिसींत मद्यासक्तीवरील उपचार वगळण्याचे कलम असते. घरच्या माणसांनी हात जोडले की लेखणी अडखळते. त्यांची अडचण खोटी नसते. परंतु कारण लपविलेल्या कागदावरून उपचार अपुरा होतो, आणि अशा हजारो कागदांच्या बेरजेत मद्याने होणारी हानी देशाला दिसेनाशी होते. विम्याचे कलम अन्यायाचे वाटत असेल, तर ते बदलण्याचा आग्रह धरावा. त्याची भरपाई रुग्णाच्या कागदावर करू नये.

मग लिहावे काय? कोणते मद्य, किती, किती दिवसांनी, शेवटचे केव्हा, पूर्वी थांबविल्यावर काय झाले, सहा लक्षणांपैकी कोणती आढळली, आणि आजच्या आजाराशी त्याचा संबंध आहे की नाही. पाच ओळी पुरेत. ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ ह्या दोन शब्दांत माणसाविषयीचा निवाडा असतो. ह्या पाच ओळींत त्याची विचारपूस असते. आणि विचारपूस केल्यावाचून निवाडा देऊ नये, हा नियम रुग्णशय्येपाशीही लागू आहे.