अर्जाचा कागद

पुणें-अहिल्यानगर मार्गावर, पारनेर तालुक्यांत, सुपा येथें औद्योगिक वसाहत आहे. त्या परिसरांतला एखादा तरुण तेथील कारखान्याकडे अर्ज धाडतो, तेव्हां पावसावर विसंबलेल्या त्याच्या घराची आशाही त्या कागदाबरोबर जाते. पण तो कागद सांगतो काय? "मी कष्टाळू, प्रामाणिक व आज्ञाधारक आहें." हें तर प्रत्येकच उमेदवार लिहितो! निवड करणाऱ्याला त्यांतून माणूस दिसावा कसा?

त्याऐवजीं त्यानें असें लिहावें: औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत टर्नरचा २ वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, लेथवर आटे पाडतां येतात, मायक्रोमीटरनें ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप घेतां येतें. या विधानांची परीक्षा यंत्रापाशीं तत्काळ होऊं शकते, म्हणूनच त्यांना वजन येतें. जाहिरातींत मागितलेलें कौशल्य आरंभीं यावें, बाकीचें मागाहून. शिक्षणांत खंड पडला असल्यास तोही कारणासह एका ओळींत सांगावा. झांकलेली गोष्ट मुलाखतींत उघडी पडली, कीं खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्यांनीं शेजारच्या मुलाचा असा अर्ज एकदां अवश्य वाचून पाहावा. प्रत्येक ओळीला "कशावरून?" असें विचारावें, जिला उत्तर सांपडणार नाहीं, ती त्याच्याकडूनच खोडवून घ्यावी.