आधी शिकणारा, मग तक्ता



बाहेरून आलेला माणूस मराठी शिकत नाही, ही तक्रार सकाळपासून ऐकतो आहे. मला ती मान्य नाही. तो शिकायला येतो आणि आपण त्याच्यापुढे विभक्तीचा तक्ता ठेवतो. स, ला, ते. द्वितीयेचे प्रत्यय तेच चतुर्थीचे, तरी संस्कृतची घडी मोडू नये म्हणून रकाने दोन! आपली मुलं हे घोकून गुण मिळवतात, कारण मराठी त्यांना आधीच येत असते. केरळहून विरारच्या रुग्णालयात आलेल्या परिचारिकेला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तिची अडचण वेगळी आहे. आपण विरारला जातो, वसईला जातो. पण नालासोपाऱ्याला आणि अर्नाळ्याला जातो. असं का, हे या सभागृहात किती जण सांगू शकतील? काका-दादांसारखी काही नामं सोडली, तर शेवटी ‘आ’ असलेलं पुल्लिंगी नाम प्रत्ययाआधी रूप बदलतं. हे सामान्यरूप नवख्याला पहिल्याच दिवशी अडवतं, आणि आपण त्याकडे महिन्याने वळतो.

शिवाय सगळ्यांना एकच पाठ कशासाठी? गुजराती दुकानदाराच्या भाषेत तीन लिंगं आहेतच. हिंदी बोलणाऱ्याला नपुंसकलिंग नवं. मल्याळममध्ये क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतच नाही. ‘मी गोळी दिली’ आणि ‘मी चहा दिला’ यांतला फरक त्या परिचारिकेला वाक्यांमागून वाक्यं बोलवून घेऊनच शिकवावा लागेल.

‘व्याकरण नकोच, ऐकून येतं’ म्हणणारेही तितकेच चुकतात. मोठ्या माणसाला वेळेवर एक नियम सांगितला, तर त्याची कित्येक महिन्यांची चाचपड वाचते. परक्यांनी हे आपल्याआधी ओळखलं. थॉमस स्टीफन्स यांचं कोकणीचं व्याकरण १६४० साली गोव्यात छापलं गेलं, विल्यम केरी यांचं मराठीचं १८०५ साली. दोन्ही बाहेरून आलेल्यांसाठी. आपल्या शेजारच्या तर्खडचं नाव लावणाऱ्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली आलं, ते मराठी मुलांसाठी. मला दादोबांबद्दल नितांत आदर आहे, पण मुलांचं पुस्तक पाहुण्याच्या हाती देणं हा त्यांचा मान नव्हे. मॅक्सिन बर्नसन यांनी जाई निंबकरांसोबत परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे वेगळे पाठ रचले, त्याला सुमारे अर्धशतक झालं. ते आपल्या किती शिक्षकांनी उघडून पाहिले?

म्हणून शिक्षकांकडे माझी मागणी आहे. पहिल्या तासाला तक्ता काढू नका. समोरच्याची मातृभाषा विचारा, त्याला उद्या कुठे काय बोलायचं आहे ते विचारा, आणि तेवढ्यासाठी लागणारं व्याकरण त्याच दिवशी द्या. आणि आपण सगळ्यांनीच, तो चुकला की हिंदीवर उतरू नये. बरोबर वाक्य मराठीत म्हणावं आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावं.