ऑपरेशननंतरचे शंभर दिवस

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही, वक्ते तर नाहीच नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो आणि रस्त्यांची, मोऱ्यांची मापं घेत आलो. तरी मंडळानं या विषयावर बोलायला सांगितलं, याचं कारण असं की गेल्या काही वर्षांत आमच्या घरात हाडांची दोन मोठी ऑपरेशनं झाली. एक आमच्या गुडघ्याचं, दुसरं आमच्या आईच्या खुब्याचं. शिवाय ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. १९९६ पासून तो पाळला जातो आणि बहुधा गणपतीच्या मागंपुढंच येतो. तेव्हा विषय अगदीच अवेळी नाही.

२०२२ च्या जुलैत किती पाऊस झाला ते तुम्हाला आठवत असेल. बेल्याकडच्या एका कामावरून परत येताना काळ्या मातीच्या चिखलात गाडी घसरली आणि आमच्या उजव्या पायाच्या नडगीचं वरचं टोक, थेट गुडघ्याच्या सांध्यातच मोडलं. आपल्याकडची रीत ठरलेली आहे. मोठं दुखणं म्हटलं की एक तर नागपूर, नाही तर हैदराबाद. आम्ही नागपूर धरलं. पट्टी आणि स्क्रू बसवून ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी घरी सोडलं. हातात जो कागद दिला त्यावर गोळ्यांची यादी सविस्तर होती. सगळ्यात खाली एकच ओळ होती : फिजिओथेरपी करणे. कधी, किती दिवस, कोणाकडे, काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, "गावाकडे कोणी असेल ना, त्याला विचारा."

आज बोलायचं आहे ते या शेवटच्या ओळीबद्दल.

आदिलाबादला आल्यावर गावातल्याच एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी आधी नागपूरच्या सर्जनशी फोनवर बोलून पायावर भार केव्हा द्यायचा, गुडघा किती वाकवायचा, हे विचारून घेतलं. मग आम्हाला समजावलं. हाड आपलं आपण जुळतं, त्याला वेळ द्यावा लागतो. पण सांधा हलवला नाही तर आतले पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि गुडघा आखडतो. मांडीचा स्नायू तर एक-दोन आठवड्यांतच सुकायला लागतो. तो अखडलेला गुडघा पुढं वर्षभर प्रयत्न करूनही पूर्वीसारखा होईल याची खात्री नसते. आम्हाला हे लगेच पटलं, कारण आमच्या धंद्यात क्युरिंग असतं. स्लॅब टाकला म्हणजे काम झालं असं नसतं. त्यावर रोज पाणी मारलं नाही तर उत्तम सिमेंटही वाया जातं.

आमच्यासाठी हा नोकरीचाच प्रश्न होता. साइटवर उतरायचं, मोरीखाली वाकायचं, टेप धरून उकिडवं बसायचं. शिवाय आपलं राहणं जमिनीवरचं. ताईंनी हिशोब सांगितला. जिने नीट चढायला-उतरायला गुडघा ९० ते १०० अंश तरी वाकायला हवा. मांडी घालून किंवा उकिडवं बसायला त्याहून बराच जास्त, १२० च्या पुढं. टाके काढले त्या दिवशी आमचा गुडघा मोजला तर भरला ४० अंश!

तिथून रोजचं काम सुरू झालं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पलंगावर पडून टाच सरकवत गुडघा वाकवायचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, म्हणजे मांडीचा स्नायू जागा होतो. पाय सरळ ठेवून उचलायचा. घोटे वर-खाली हलवायचे, त्यानं पोटरीत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. आणि एक ताकीद : आराम वाटतो म्हणून झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. गुडघा वाकणं जितकं महत्त्वाचं तितकंच पूर्ण सरळ होणंही.

सौ.नं एक जुनी डायरी घेतली आणि आमच्या ऑफिसच्या मेजरमेंट बुकासारखी नोंद ठेवली. तारीख, किती वेळा व्यायाम, सूज आहे की नाही आणि दर आठवड्याला ताईंनी मोजलेले अंश. सहाव्या आठवड्याला ८५. मध्ये दहा-बारा दिवस आकडा हललाच नाही, तेव्हा फार निराशा आली. रात्री झोप लागत नसे. मुलगा डायरी उघडून दाखवायचा, "बाबा, टाके काढले तेव्हा ४० होते." त्या वर्षीच्या गणपतीत आम्ही आरतीला कुबड्या घेऊन खुर्चीवर होतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. अकराव्या आठवड्यात पायावर थोडा भार द्यायची परवानगी मिळाली. शंभराव्या दिवशी ११० अंश. मांडी घालून पंगतीत बसायला मात्र जवळजवळ वर्ष लागलं.

या काळात भेटायला येणाऱ्यांचं प्रेम खूप मिळालं, सल्लेही खूप मिळाले. "हाड जुळू द्या, हलवू नका." "अमक्या गावी एक जण तेल लावून चोळून देतो." मंडळी, हे मायेनंच सांगतात. पण नुकतंच मोडलेलं हाड किंवा ऑपरेशन झालेला सांधा जोरानं चोळणं घातक आहे. विशेषतः कोपराच्या बाबतीत. कोपराभोवती जबरदस्तीनं मालिश केली तर स्नायूतच नवं हाड धरू शकतं आणि हात कायमचा अडकू शकतो. फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे. त्यासाठी चार-पाच वर्षांचं पदवीचं शिक्षण घ्यावं लागतं, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणलं आहे.

आता आईचं. २०२४ च्या संक्रांतीनंतर आई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७२. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभं करायला सांगितलं. आई म्हणाली, "मारून टाका एकदाचं, पण उभं करू नका." आम्हालाही ते पाहवत नव्हतं. पण म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होते. खुब्यापेक्षा या गोष्टीच जास्त घात करतात.

घरी त्याच ताई आल्या. त्या तेलुगू, आईचं सगळं मराठी. ताईंनी पहिल्या दिवशी व्यायाम सांगितलाच नाही. विचारलं, "अम्मा, बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?" आई म्हणाली, "मोरीपर्यंत आपलं आपण जायचंय. कोणाचा हात नको." मग ठरलं. पलंगापासून मोरी अठरा पावलं. पहिल्या दिवशी चार, मग सहा. ताई म्हणायच्या, "इंकोंचेम, अम्मा, इंकोंचेम." आणि आई ओरडायची, "तुझं इंकोंचेम कधी संपतं गं?" तेराव्या दिवशी अठरा पावलं पूर्ण झाली. आई मोरीचं दार लावून आत गेली आणि आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो. काय वाटलं ते सांगता येत नाही.

या विद्येचं आपल्या देशातलं मूळ मुंबईत आहे. फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी धावपळ करताना त्यांनी इतर मुलांचे हाल पाहिले आणि १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. पुढं मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. त्यानंतर १९५२-५३ च्या सुमारास केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, आणि १९५५ मध्ये हाजी अली इथं अखिल भारतीय संस्था निघाली. एका आईच्या धडपडीचा यात मोठा वाटा आहे.

आणि 'मयूरी' हा तेलुगू सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९८५ चा. मुंबईत वाढलेल्या नर्तिका सुधा चंद्रन यांचा १९८१ मध्ये तमिळनाडूत बस अपघात झाला, पाय कापावा लागला. जयपूर फूट बसवून त्या १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नाचल्या. टाळ्या आपण त्या नाचाला वाजवतो. मधल्या काळातला रोजचा सराव सिनेमात एका गाण्यात संपतो, प्रत्यक्षात त्याला महिन्यांमागून महिने जातात.

शेवटी उपयोगाच्या चार गोष्टी. दवाखान्यातून निघण्याआधी सर्जनला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या : भार केव्हा द्यायचा, किती वाकवायचं, काय करायचं नाही, पुन्हा केव्हा दाखवायचं. व्यायामानं दुखणार, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं पाहिजे. सूज वाढत गेली तर व्यायाम कमी करून विचारा. पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं तर एक तासही थांबू नका. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि व्यायामासाठी दर वेळी नागपूर-हैदराबाद गाठायची गरज नाही. आपल्या गावात २००८ पासून रिम्स आहे, तिथं आधी चौकशी करा.

मंडळाला एक विनंती आहे. अनेक गावांतली मंडळं रुग्णांसाठी लागणारं साहित्य जमवून गरजूंना वापरायला देतात. आमच्या घरी एक वॉकर, कुबड्यांची जोडी आणि कमोडची खुर्ची पडून आहे. ते सगळं आजच मंडळाच्या स्वाधीन करतो. प्रत्येकाच्या माळ्यावर असं काही तरी असेलच.

आणि ऑपरेशन झालेल्या कुणाला भेटायला गेलात तर "पूर्ण आराम करा" म्हणू नका. "आज किती पावलं झाली?" असं विचारा. सांगायला मिळावं म्हणून तरी माणूस दोन पावलं जास्त टाकतो.

गणपती बाप्पा मोरया!