छपरावरचा सोबती



आजचा विषय पत्रिकेवर वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. रात्रीच्या वेळी, मित्राला बरोबर घेऊन, शहरातल्या छपरांवर हिंडणे हा का व्याख्यानमालेत बोलण्याचा विषय? आपल्याकडे रात्री छपरावर पाऊल वाजले की घरातली माणसे ‘चोर, चोर’ म्हणून काठी शोधू लागतात. पण मी ज्या छपरांविषयी बोलणार आहे ती केंब्रिज विद्यापीठातली आहेत, आणि त्यांवर हिंडणारे चोर नव्हते, विद्यार्थी होते. काही चोरायला ते वर जात नसत. मग कशासाठी जात, आणि दोघेदोघे का जात, एवढेच मला आज सांगायचे आहे.

केंब्रिज म्हटले की आपल्याला प्रथम आठवतात ते रँग्लर परांजपे. १८९६ साली ते तेथील सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर ठरले. त्याच सुमारास शेजारच्या ट्रिनिटी कॉलेजात जेफ्री विन्थ्रॉप यंग नावाचा एक विद्यार्थी होता. परांजपे दिव्याखाली गणिते सोडवीत असतील, तेव्हा हे गृहस्थ अंधारात कॉलेजची छपरे सोडवीत होते. शतक संपता संपता त्यांनी आपले नाव न घालता एक लहानसे पुस्तक छापले : ट्रिनिटीच्या छपरांवर चढणाराची मार्गदर्शिका. आल्प्स पर्वतावर जाणारांसाठी जशी गंभीर मार्गदर्शक पुस्तके असतात, त्यांचीच ऐट या पुस्तकाने आणली होती. कोणता धुराडा कुठून गाठावा, कोणत्या कठड्यावर विश्वास ठेवू नये, असा सगळा मजकूर. थट्टा होती, पण माहिती खरी होती.

आता हे रात्रीच का? एक तर दिवसा चढू कोण देणार? त्या काळी कॉलेजचे दरवाजे रात्री बंद होत आणि उशिरा येणाराला दंड पडे. रस्त्यांतून प्रॉक्टर नावाचे शिस्तीचे अधिकारी आपल्या मदतनिसांसह गस्त घालीत. छपरावर सापडलेल्या मुलाला विद्यापीठातून घालवूनही देत. तेव्हा अंधार हाच त्यांचा आश्रयदाता.

ही विद्या आहे तरी कशी? १९३७ साली ‘द नाइट क्लाइंबर्स ऑफ केंब्रिज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखकाने ‘व्हिपलस्नेथ’ असे गमतीचे टोपणनाव घेतले होते. त्यामागे नोएल सिमिंग्टन नावाचा तरुण होता. त्या पुस्तकात पावसाच्या पाण्याच्या नळांचा विचार आपण रागदारीचा करावा इतक्या बारकाईने केलेला आहे. नळ भिंतीला घट्ट आहे की खिळे सैल झाले आहेत, नळामागे बोटे शिरतात की नाही, हे आधी पाहायचे. दोन भिंती जवळ आल्या असतील तर एकीला पाठ आणि दुसरीला पाय लावून, इंच इंच वर सरकायचे. दगड जुना असेल तर त्याच्यावर भार टाकण्यापूर्वी तो चाचपायचा, कारण शेकडो वर्षांचा पाऊस खाल्लेला नक्षीचा दगड हातात निघून येतो. किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर म्हणजे या मंडळींचे एव्हरेस्ट. १४४६ साली पाया घातलेली ती इमारत, आतले छतच ८० फूट उंच. आणि सीनेट हाउस व त्याच्या शेजारचे कीझ कॉलेज यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारायची. अंतर ऐकाल तर हसाल, फार तर सात-आठ फूट. अंगणात आपल्यापैकी पुष्कळांना ती जमेल. पण अंगणाला खोली नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या कामात सोबती कशाला हवा? धीर यावा म्हणून, असे कोणी म्हणेल. तेवढे खरेच. पण त्याहून मोठी कामे त्याच्याकडे असतात. भिंतीला छाती लावून चढणाराला स्वतःचे पाऊल दिसत नाही; ते खालच्याला दिसते. कुजबुजून तोच सांगतो, ‘डावा पाय जरा वर, तिथे खाच आहे.’ पहारेकऱ्याची चाहूल त्याने घ्यायची. वर पोहोचलेल्याने दोर धरून मागच्याला सांभाळायचे. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे, ‘आज नको, मागे फिर,’ असे म्हणायचे. चढणारा ईर्ष्येला पेटलेला असतो. त्याचे डोके थाऱ्यावर नसते. अशा वेळी ज्याच्या एका शब्दाने आपण मुकाट्याने खाली उतरू, तो मित्र. बाकीचे सगळे प्रेक्षक. मैत्रीच्या पुष्कळ व्याख्या मी वाचल्या आहेत, पण याहून पारखून घेतलेली मला माहीत नाही.

प्रेक्षकांचा मोह या मंडळींना नव्हता काय? होता. १९३७ च्या त्या पुस्तकात छायाचित्रे भरपूर आहेत. पण चेहरा दाखवूनही त्यांनी नावे झाकली. १९५८ च्या जून महिन्यात एका सकाळी केंब्रिजकर उठून पाहतात तो सीनेट हाउसच्या छपरावर एक ऑस्टिन सेव्हन मोटार उभी! ती खाली आणण्यात अधिकाऱ्यांचा जवळजवळ एक आठवडा गेला, आणि अखेर तिचे तुकडे करावे लागले. हे कोणी केले, ते त्या विद्यार्थ्यांनी २००८ सालापर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, जाहीर केले नाही. केल्या कामाचा आनंद आपसांत वाटून घेतला की त्यांचे पोट भरत होते.

याच्या उलट दुसरे चित्र पाहा. चीनमध्ये वू योंगनिंग नावाचा २६ वर्षांचा तरुण उंच इमारतींवर दोरावाचून चढे आणि त्याची चित्रे लोकांना दाखवी. त्यावर त्याला पैसाही मिळे. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी चांगशा शहरातल्या एका ६२ मजली इमारतीच्या कडेला तो लोंबकळला, आणि त्याला परत वर येता आले नाही. त्याच्याच कॅमेऱ्याने ते टिपले. त्याची चित्रे पाहणारे असंख्य होते. ‘आज नको’ म्हणणारा शेजारी कोणी नव्हता. त्या तरुणाला दोष देणे सोपे आहे. मी दोष देतो तो टाळ्या वाजवणाऱ्या हातांना, आणि त्यांत आपले हातही असतात.

कोणी विचारील, म्हणजे मुलांनी छपरांवर चढावे असा तुमचा उपदेश आहे काय? मुळीच नाही. मित्र बरोबर असला म्हणून हाड मोडायचे राहत नाही, आणि परक्या छपरावर जाणे ते परक्या छपरावर जाणेच. पण विशीतल्या रक्ताला उंचीची ओढ असते, ती पहारेकरी नेमून जात नाही. तिला वाट द्यावी लागते. यंग यांचेच पाहा. छपरांवरून ते आल्प्सवर गेले. १९१७ साली युद्धात त्यांचा एक पाय गेला, तरी १९२८ साली कृत्रिम पायाने ते मॅटरहॉर्नच्या शिखरावर पोहोचले. आणि पुढे १९४४ मध्ये ब्रिटनमधल्या गिर्यारोहकांची मध्यवर्ती संस्था उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. तरुणपणी लपून जे केले, त्याला त्यांनी दोर, शिस्त आणि शिक्षण दिले. आपल्याकडे सह्याद्रीचे कडे आहेत, आणि तिथे दोर बांधून चढायला शिकवणाऱ्या संस्थाही आज पुष्कळ आहेत. तिथे पहिला धडा गाठ मारण्याचा असतो. आपला जीव ज्या दोराला, त्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे हे तिथे कळते.

येथे पुष्कळ आईबाप बसले आहेत. मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरा घरी आली की आपण दारातच विचारतो, ‘कुठे होतास? कुठे होतीस?’ विचारावेच. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा : ‘बरोबर कोण होते? आणि तू चुकू लागलास, तर तो तुला अडवील का?’ त्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले, तर त्या रात्री निम्मी काळजी बाजूला ठेवून झोपायला हरकत नाही.