गाईला वरचे पुढचे दात का नसतात?

कानात हेडफोन घातलेत ना? मग आधी एक प्रश्न. गाईला वरच्या जबड्यात पुढे दात किती? उत्तर आहे शून्य!

गंमत नाही करत. खाली पुढे आठ दात, वर नुसती कडक गादीसारखी हिरडी. शर्यतीच्या रील्समध्ये आदत, दुसा, चौसा असं ऐकता ना तुम्ही? ती मोजणी याच खालच्या आठ दातांची. दुधाचे दात पडून मोठे दोन आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की बैल जुळला.

मग वर दात नसताना गाय खाते कशी? तर जिभेनं. लांब, खरखरीत जीभ गवताला विळखा घालते, खालचे दात आणि वरची गादी यांत गवत धरलं जातं आणि मानेला हिसका देऊन तोडलं जातं. जास्त न चावता गिळायचं. नंतर निवांत बसून रवंथ! तिथे कामाला येतात २४ दाढा. जबडा आडवा फिरतो, जात्यासारखा. कुत्र्याचं बघा, त्याच्या दाढा कात्रीसारख्या. मांस कापायचं, गिळायचं, दळायची भानगडच नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. शेळीचे ओठ पातळ, चपळ. ती काट्यांतून नेमका पाला वेचते. गाईला तसं निवडता येत नाही. जिभेच्या विळख्यात जे आलं ते पोटात, मग त्यात खिळा असो, तार असो की प्लास्टिकची पिशवी.

तार जाऊन पडते पोटाच्या जाळीदार कप्प्यात. हा कप्पा हृदयाच्या अगदी जवळ. तार टोचत पुढे सरकली तर थेट हृदयापर्यंत पोचते. पिशव्यांचं वेगळंच. त्या पचत नाहीत, पुढेही जात नाहीत, पोटात गोळा होऊन बसतात. बाहेरून पोट भरलेलं दिसतं, आत जनावर उपाशी! मग ऑपरेशन करूनच काढाव्या लागतात.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. तरी आपण उरलेली पोळी-भाजी पिशवीत घालतो, वर घट्ट गाठ मारतो आणि कोपऱ्यावर ठेवतो. गाईला गाठ सोडता येत नाही हो. तिला वास येतो अन्नाचा, आणि ती पिशवीसकट गिळते.

म्हणून एवढंच करा. ओला कचरा मोकळा टाका, पिशवी वेगळी. आज घरात जो कचरा टाकायला जाईल, त्याला हा भाग ऐकवा.

चला, भेटू पुढच्या भागात!