संगणकाच्या उत्तरावर किती विसंबावे?
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



ज्या मुलामुलींचा आज गौरव झाला, त्यांच्यापुढे एका संशोधकाचे कार्य ठेवावे, असे आम्ही योजिले आहे. जेरोम सॅक्स यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट १९५६ साली मिळविली आणि आयुष्य संख्याशास्त्रास वाहिले.

आज विमान, पूल, हवामान यांची गणिती प्रतिकृती संगणकात उतरवून तिच्यावरच प्रयोग करतात. शेतातील प्रयोग पुन्हा केला, तर पीक थोडे कमी-अधिक येते. त्या फरकाचे मोजमाप हेच जुन्या संख्याशास्त्राचे काम. संगणकाच्या अशा पुष्कळ प्रयोगांत मात्र तीच माहिती दिली की शंभर वेळा तेच उत्तर. मग येथे संख्याशास्त्राचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की, एकेका गणनेस कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. उत्तरे निवडक ठिकाणचीच हाती येतात. मधल्या जागा अंधारातच राहतात.

१९८९ साली सॅक्स, वेल्च, मिचेल व विन या चौघांनी ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नियतकालिकातील निबंधात त्यावर वाट दाखविली. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत थोड्या नमुन्यांवरून उरलेल्या भूमीतील सोने अजमावण्याचे क्रिग यांचे काम १९५१ साली प्रसिद्ध झाले होते. त्यातून वाढलेली रीतच या चौघांनी संगणकाच्या प्रयोगांस लाविली. ती अंदाज तर देतेच, शिवाय तो कितपत चुकू शकेल हेही सांगते.

सॅक्स १९९१ साली अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टॅटिस्टिकल सायन्सेस’चे पहिले संचालक झाले. शिकागोच्या वाहतुकीची संगणकी प्रतिकृती त्यांनी सहकाऱ्यांसह प्रत्यक्ष रस्त्यांवरील निरीक्षणांशी ताडून पाहिली. गणितात निर्दोष असलेले उत्तर चौकातही खरे ठरेलच असे नाही, हे त्यांनी जाणले होते.

विद्यार्थ्यांनो, यंत्राने दिले म्हणून उत्तर शिरोधार्य मानू नका. त्यात चूक किती संभवते, हे आधी विचारा. अशा उत्तरांवर उद्या माणसांचे प्राण अवलंबून राहतील.

पालकांसही एक विनंती. डॉक्टरेट आणि तो निबंध यांत तेहतीस वर्षांचे अंतर आहे. तेव्हा संशोधनाकडे वळलेल्या मुलास अगर मुलीस दरवर्षी मिळकतीचा हिशेब विचारू नये. आपला विद्यानिधी पदवीपाशी थांबतो. तो संशोधनापर्यंत पोहोचावा, अशी सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.